कोपरा फाटलेलं पाकीट

कंपनीच्या कागदात लिहिलंय, पत्र दाराशी पोचलं की मिळालं. उघडलं का, वाचलं का, कळलं का, ते कुणी विचारत न्हाई. आमच्यात तर मयताची खबर सुद्धा कानावर पडल्याबिगर लागू होत न्हाई. माणूस महिन्याखाली गेलेला का असंना, ऐकलं तवापासून सुतक. आता यातलं शहाणं कोण आणि येडं कोण, तुमीच ठरवा. मी ठरवून दमले.

मी शालू. वडीगोद्रीला हायवेच्या कडंला ‘चांदवा चहा’ची शाखा होती, ती माझी. फ्रँचायझी म्हणतात तिला. दुकान आपण चालवायचं, नाव कंपनीचं. बोर्ड त्यांचा, मशीन त्यांची, पावडर त्यांची, कप सुद्धा त्यांचे. आपली फक्त कंबर. पण करारावर नाव माझं होतं. वस्तीवरचं घर मालकाच्या नावावर, लाईटचं मीटर सासऱ्याच्या नावावर, ते मरून गेले तरी. जलमात पहिल्यांदा कशावर तरी माझं नाव आल्तं. माझे मालक ओमप्रकाश जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात, पाळी संपली की आठवड्याला घरी. सासरे सांडू मेंढरं राखायचे, म्हणून मी वीस वर्षं सांडूची सून होते. दुकान टाकलं आणि ट्रकवाले, कंडक्टर, शाळेतले मास्तर, सगळे शालूताई म्हणायला लागले. याच्याहून जास्ती मला काही नको होतं, खोटं कशाला सांगू.

करार केला तवा आधार कार्डावरचा पत्ता लिहिला, म्हंजे वस्तीचा. वस्ती हायवेपासून आत, रानात. तिकडचा पोष्टमन निराळ्या गावाहून येतो, दुकानाकडं त्याचं येणं न्हाई. आणि पत्राचं काम तरी काय पडायचं? कंपनीचं सगळं व्हाट्सअपवर. माल पाहिजे, व्हाट्सअप. भाव वाढला, व्हाट्सअप. सणाला फुलांचे फोटो, व्हाट्सअप. जालन्याला कंपनीचा माणूस होता राजानंद नावाचा, त्याला मी दुकानाचं लोकेशन सुद्धा धाडलेलं, आणि त्यानं अंगठा दाखवून ‘ओके ताई’ म्हणलेलं. सगळं फोनवर, गळा कापायचा तेवढा पोष्टानं. तेव्हा मला हे कुठं ठाऊक?

दिवाळीच्या आसपास कंपनीचा पावडरीचा टेम्पो आलाच न्हाई. फोन केला, उद्या म्हणले. परत केला, परवा म्हणले. गिऱ्हाइकाला काय टेम्पोचा फोटो पाजू? मी जुन्या जालन्यातून ठोक दुकानातून चहापत्ती आणली आणि टेम्पो येईस्तोवर दुकान चालवलं. त्याच दिवसांत कंपनीचा एक तपासणीवाला गिऱ्हाईक बनून आला, चहा पिला, फोटो काढला आणि गेला. टेम्पो ज्यांनी बुडवला ते साव, दुकान चालू ठेवलं ती चोर. पण त्याचं पुढं काही होईल असं मला वाटलं न्हाई. कुणी काही बोललंच न्हाई.

आता माझ्या सासूचं सांगते, कारण खरं सांगायचं ते तिचंच आहे. गोपिकाबाई. मी आत्या म्हणते. चहा म्हणलं की आत्याचा जीव खाली-वर. रोज दुपारी शेअर रिक्षात बसून दुकानावर यायची, बाकड्याच्या टोकाला बसायची आणि कंपनीचा तो कागदी कप बाजूला ठेवून मला म्हणायची, "बशीत वत." एका चहावर घंटाभर बसणार, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार, "माझ्या सुनंचं दुकान हाये." मला वरवर राग यायचा. आतून बरं वाटायचं.

आत्याला दोन लेकरं. थोरले माझे मालक, धाकटा परमेश्वर. परमेश्वर भावजी भावाशी भांडून बोअर मारायच्या गाडीवर कर्नाटकात गेले, ते गेलेच. पहिल्यांदा फोन यायचा, मंग नंबर बंद. किती वर्षं झाली, आत्याला विचारायची सोय न्हाई. जत्रंत कुणी बोअरवाला दिसला की ती त्याच्या तोंडाकडं बघत राह्यची. एकदा मला म्हणली, "शालू, त्याचं बरं असंल तर त्यो येईल. वाईट असंल तर पत्र येईल."

हे पत्राचं असं होतं. आधी आमच्याकडं कुणी मेलं की पत्राचा कोपरा फाडून धाडायचे. ते पत्र उंबऱ्याच्या आत आणायचं न्हाई. बाहेरच वाचायचं, तिथंच फाडायचं, अंगावर पाणी घ्यायचं आणि मंगच घरात यायचं. आत्याचा बाप मेला तवा ती मेंढरांमागं परमुलखात होती, आणि असंच कोपरा फाटलेलं पत्र माझ्या सासऱ्यानं तिला रानात वाचून दाखवलं. आत्याला अक्षर येत न्हाई. पण तो फाटका कोपरा तिला जलमभर वाचता येत होता.

उन्हाळा लागला आणि माझ्या लेकीची, मनीषाची सुपारी फुटली. मुलगा घनसावंगीकडचा, चांगला, पाहुणे बी साधे. पण मुलाची आजी अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्यांना जल्दी. महिना सव्वा महिन्याची तारीख धरली. ही तारीख हुकली तर पुढं मुहूर्त न्हाईत, आणि मोडलेल्या तारखेचं खापर पोरीच्याच पायगुणावर फुटतं, हे कुणाला सांगायला नको.

सुपारी झाली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीच पोष्टमन वस्तीवर आला. मी दुकानावर, मनीषा ब्लाउज शिवायला टाकायला गेल्ती. आत्या एकटी अंगणात. पुढचं मला मागून कळलं, पण जसं झालं तसंच सांगते.

पोष्टमन म्हणला, रजिस्टर आहे, अंगठा लावा. आत्यानं लावला. त्यानं लांबडं पाकीट हातात दिलं आणि गाडी वळवून गेला. पाकीट मोठं, त्याची पिशवी लहान. गाडीच्या कॅरिअरला घासून घासून पाकिटाचा एक कोपरा निघून गेल्ता. बाकी पाकीट कोरंकरकरीत, तेवढा कोपरा न्हाई.

आत्या म्हणती, "मला कोपरा दिसला, शालू. मी खालीच बसले."

तिनं कुणाला हाक मारली न्हाई. मारली असती तर वाचावं लागलं असतं, वाचलं असतं तर ऐकलं असतं, आणि ऐकलं की सुतक. सुतक तेरा दिवसांत फिटलं असतं, पण सख्खा चुलता मेल्यावर वरीसभर पोरीला हळद कशी लागन? म्हणून आत्यानं तिथं बसल्या बसल्या हिशोब केला: मला वाचता येत न्हाई, मला कुणी सांगितलं न्हाई, म्हंजे अजून काही झालेलं न्हाई. लग्न होऊस्तोवर काही झालेलं न्हाई. पाकीट उंबऱ्याच्या आत न्यायचं नव्हतंच. तिनं ते गोठ्यात नेलं आणि पत्र्याखालच्या लाकडाच्या सांदीत खोवलं. मंग उठून म्हशीला पाणी दाखवलं. आपल्या पोटचा लेक मेला असं समजून माणूस म्हशीला पाणी दाखवतं, त्याला काय म्हणावं?

पण घराला सुतक नसलं तरी तिनं आपल्या एकटीपुरतं पाळलं. दुसऱ्या दिवसापासून देवपूजा मनीषावर सोपवली. गुडघा धरला म्हणली. खाटंवर निजायची ती गोठ्याजवळ भुईला निजायला लागली. उकडतं म्हणली. गोड तोंडात घालंना. आणि दुकानावर येणं बंद केलं. मी म्हणलं, "आत्या, चहाला या की, गिऱ्हाइकं विचारून राह्यलेत." तर म्हणली, "तुमचा चहा लई गोड असतोय, माय. मला सोसत न्हाई." ज्या बाईनं जलमभर साखर जास्ती मागितली, ती असं म्हणली, आणि मला वाटलं, नातीला नवे कपडे, मुलाकडच्यांना आहेर, आणि म्हातारीला कुणी विचारलं न्हाई म्हणून रुसली. माझ्या जिभेला हाड न्हाई. बोलले सुद्धा, "लग्नघरात तोंड पाडून बसू नये, आत्या." ती उठून गोठ्याकडं गेली.

मांडव पडला, हळद लागली, लग्न झालं. राजानंद सुद्धा आल्ता. आहेर केला, पोटभर जेवला, फोटोत उभा राह्यला. त्याच दोन-तीन दिवसांत मला कंपनीच्या व्हाट्सअप ग्रुपमधून काढून टाकलं होतं. लग्नाच्या घाईत वाटलं, फोन बिघडला असंल.

पाठवणीला मनीषा सगळ्यांच्या गळ्यात पडली. आजीकडं गेली तर आत्या मागं सरली. पदर आवरून दोन पावलं मागं सरली आणि लांबूनच हात हलवला. पोरीचं तोंड एवढंसं झालं. जिनं लहानपणापासून मांडीवर वागवलं तिनं जाताना हात लावू दिला न्हाई. गाडीत बसूनही मनीषा मागं वळून बघत होती. मला इतका संताप आला की मी आत्याशी रात्रभर बोलले न्हाई.

दोन दिवसांनी देवक उठलं, मांडवाची लाकडं गेली. मालक अजून सुट्टीवर होते. सकाळीच आत्या म्हणली, "शालू, मोठ्या पातेल्यात पाणी ठेव तापायला. आणि दोघं बी अंगणात या."

ती गोठ्यात गेली आणि पाकीट घेऊन आली. फाटका कोपरा वर धरून तिनं ते माझ्यासमोर केलं. मालकांच्या तोंडचा रंग गेला. त्यांना बी तो कोपरा कळला.

"कधी आलं?" त्यांनी विचारलं.

"आलं तवा आलं," आत्या म्हणली. "पोरगी सुखानं नांदायला गेली. आता वाच, शालू. मोठ्यानं वाच. माझ्या परमेश्वराचं काय झालं ते मला ऐकू दे."

मी पाकीट फाडलं. वर चांदवा चहाचा छाप. खाली माझं नाव. मला आधी समजंनाच. शालू ओमप्रकाश, वस्ती वडीगोद्री. तुम्ही बाहेरची चहापत्ती वापरली, हा कराराचा भंग आहे. पत्र मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत लेखी खुलासा द्या आणि पुन्हा असं करणार न्हाई म्हणून हमी द्या. न दिल्यास करार आपोआप रद्द.

मी वाचत होते आणि आत्या माझ्या तोंडाकडं बघत होती. "परमेश्वराचं कुठं लिहिलंय?"

"त्यांचं न्हाई, आत्या. हे दुकानाचं आहे. कंपनीचं."

"परमेश्वर?"

"परमेश्वर भावजींचं यात काहीच न्हाई."

आत्या मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, तोंडावर पदर, परत हसायला. "माझं लेकरू हाये," म्हणली. "हाये गं, माझं लेकरू हाये." तिनं माझे पाय धरले, मालकांचे गाल कुरवाळले, उठून देवघराकडं गेली. महिनाभरानंतर पहिल्यांदा तिनं देवापुढं दिवा लावला. आणि मी अंगणात तो कागद घेऊन उभी. महिना उलटून गेल्ता. ती एवढी खूश होती की मला तिच्यापुढं रडायला जागा मिळाली न्हाई.

दुपारी तिच्या ध्यानात आलं. मी भांडी घासत होते, ती मागं येऊन उभी राह्यली. "शालू, त्या कागदानं तुझं काही वाईट झालं का?"

मी म्हणलं, "बघू." तर ती बाजूला बसली आणि माझ्या हातातलं भांडं घेऊन घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जालन्याला गेलो. मी नको म्हणत होते, पण ती ऐकंना. "चूक माझी, मंग सांगायला मी नको?" राजानंदचं ऑफिस एमआयडीसीच्या रस्त्याला, वरच्या मजल्यावर. गुडघा धरून जिना चढली. मला बघताच राजानंदची मान खाली गेली, तवाच मी समजले.

"ताई, नोटिसा पुण्याहून लीगलवाले काढतात," तो म्हणला. "आम्हाला कळवत नाहीत. मला लग्नानंतर कळलं."

"एक फोन केला असता कुणी. मी धावत येऊन दोन ओळी लिहून दिल्या असत्या. सणाला फुलं धाडायला तुमच्या कंपनीकडं फोन आहे, आणि हे सांगायला न्हाई?"

"फोनला नोटीस धरत नाहीत. करारातल्या पत्त्यावर रजिस्टर पत्र, तीच नोटीस."

"पत्ता दुकानाचा धाडला होता मी. तुमी ओके म्हणले."

"पत्ता बदलायचा तर तोही लेखी, ताई. व्हाट्सअप चालत नाही." त्यानं पावतीचा फोटो दाखवला. आत्याचा अंगठा. "घरातल्या मोठ्या माणसानं घेतली म्हणजे तुम्हाला मिळाली."

आत्या पुढं झाली आणि आपला अंगठा त्याच्या टेबलावर ठेवला. "दादा, ह्यो अंगठा माझा हाये. शालूचा न्हाई. तिनं काई ऐकलं न्हाई, वाचलं न्हाई. कोपरा फाटका बघून मला वाटलं माझा लेक गेला. नातीचं लगीन होतं, म्हणून मी दडवलं. जे काय करायचं ते माझं करा. तिचं दुकान सोडा."

राजानंदला कोपऱ्याचं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यानं पाकीट हातात घेतलं, त्या जागेवरून बोट फिरवलं. पोरगा वाईट न्हाई. त्यानं पुण्याला फोन लावला, आवाज मोठा केला. तिकडची बाई लई गोड बोलणारी. सगळं ऐकून घेतलं तिनं, मधी एकदा ‘अरेरे’ सुद्धा म्हणली. मंग म्हणली, "पण नोटीस पोचल्याची पावती आहे ना? मग फाईल बंद झालीये. सॉरी हं."

"म्हंजे काय म्हणली ती?" आत्यानं मला विचारलं.

"न्हाई म्हणली," मी सांगितलं.

परत येताना एसटीत आत्या खिडकीकडं तोंड करून बसली. अंबड गेलं तरी तिनं मान वळवली न्हाई. माझ्या मनात राग होता, लई होता, पण धरायचा कुणावर? तिनं माझ्याच लेकीचं लग्न वाचवायला आपल्या लेकाचं मरण पदरात बांधून ठेवलं. महिनाभर. असल्या माणसावर रागवायला सुद्धा येत न्हाई, हेच तर दुखणं आहे.

आठवड्यानं कंपनीचा टेम्पो आला. तोच टेम्पो, जो दिवाळीला येत नव्हता. या वेळेला बराबर वेळेवर आला. त्यांनी मशीन उचललं, कप नेले, शिडी लावून बोर्ड उतरवला. बोर्डामागं चिमण्यांनी काड्या जमवलेल्या, त्या खाली पडल्या. करारात असं बी होतं की त्या जागेवर दोन वर्षं मी चहा विकायचा न्हाई. एक ट्रकवाला थांबला, "शालूताई, एक कडक," म्हणला. मी म्हणलं, "दादा, आता न्हाई." तो बोर्डाच्या जागेकडं बघत निघून गेला. आत्या बाकड्याच्या टोकाला बसली होती, तिच्या जागेवर. बाकडं तेवढं आमचं.

संध्याकाळी घरी आलो तर मी आत जायला निघाले. आत्यानं हात धरून अंगणात थांबवलं. चुलीवर पातेलं ठेवलेलं होतंच, मालक आठवड्याचे घरी आलेले, त्यांना सांगून गेल्ती ती. मला धोंड्यावर बसवलं आणि तांब्या भरला.

मी म्हणलं, "आत्या, दुकान गेलं म्हणून कुणी आंघोळ करतं का?"

"करत न्हाईत," ती म्हणली. "पण तू सकाळपासून डोळ्यातून टिपूस काढला न्हाई. मी बघून राह्यले." तिनं माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. "माझ्या जित्या लेकासाठी मी महिनाभर एकटीच रडले, शालू. गोठ्यात, म्हशीच्या पाठीला तोंड लावून. तुला सांगितलं असतं तर दुकान बी राह्यलं असतं आणि माझं रडणं बी वाचलं असतं. एकटीनं सुतक पाळू न्हाई माणसानं."

मंग मी रडले. पाणी कुठलं आणि रडणं कुठलं, काही कळत नव्हतं. आत्यानं दुसरा तांब्या भरला, अर्धा माझ्यावर ओतला, अर्धा आपल्या डोक्यावर घेतला, आणि ओल्या लुगड्यानं माझ्या शेजारी धोंड्यावर बसली.